पहिली वेलांटी आधी की नंतर?

'कि' हे अक्षर पाहा. वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, कानांना मात्र 'क'नंतर ऐकू येते. गोष्ट एवढीशीच, पण अंध वाचकांना कॉम्प्युटरवर मराठी मिळायला जो उशीर झाला, त्यात तिचा मोठा हात आहे.

भारतात एकेकाळी ब्रेलच्या अनेक पद्धती चालायच्या. १९५१ मध्ये 'भारती ब्रेल' ही एक सामाईक लिपी ठरली. तिच्यात 'क' म्हणजे १ आणि ३ क्रमांकांची टिंबं. मग भाषा मराठी असो, बंगाली असो की तमिळ. आणि 'कि' लिहायचं तर आधी क, मग इ. बोटांना दिसण्याच्या क्रमाशी काय देणंघेणं? उच्चाराचा क्रम तोच लिहिण्याचा क्रम.

डोळस लोकांचं मराठी मात्र पुढची कित्येक वर्षं असं एका संकेतावर आलं नाही. छापखान्यांत डीटीपी आलं तेव्हा फॉन्टवाल्यांनी एक सोपी युक्ती काढली: इंग्रजी अक्षराच्या जागी देवनागरी आकार बसवायचा. कृतिदेव या फॉन्टमध्ये 'किल्ला' टाइप केलं, तर कॉम्प्युटरच्या पोटात साठतं एफ, डी, वाय, वाय, के. त्यातलं एफ म्हणजे वेलांटी, तीही दिसते तशी सगळ्यांत आधी. दुसऱ्या फॉन्टची बाराखडी आणखी वेगळी. कागदावर किल्ला सुंदर छापला जायचा, त्यामुळे तक्रार कोण करणार?

तक्रार असणारे वाचक वेगळे होते. अमेरिकेत टेड हेंटर या अंध प्रोग्रामरच्या कंपनीने १९८९ मध्ये 'जॉज' हा स्क्रीन रीडर आणला होता. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं हे सॉफ्टवेअर. चांगलं, पण भलतंच महाग. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात मायकल करन या अंध तरुणाने 'एनव्हीडीए' लिहायला घेतलं, ते फुकट वाटण्यासाठीच. पण स्क्रीन रीडर आकार बघत नाही, आकारामागचा संकेत वाचतो. त्याच्या लेखी 'किल्ला' म्हणजे इंग्रजी अक्षरांचा कचराच.

यावरचा उपाय युनिकोड. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून त्यात देवनागरी आहे, तीही उच्चाराच्या क्रमाने: आधी क, मग वेलांटी. मला यातली गंमत अशी वाटते, की भारती ब्रेल चाळीस वर्षं आधी जिथे पोचली होती, तिथेच हे सगळं येऊन थांबलं. तरी छापखाने जुने फॉन्ट सोडेनात. बसलेली घडी कोण मोडणार?

मग कायदा पुढे सरकला. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट असलेलं पुस्तकही अपंग वाचकांसाठी सुलभ रूपात आणायची मुभा दिली. २०१३ च्या मराकेश कराराला सगळ्यांत आधी, २०१४ मध्ये, मान्यता दिली ती भारताने. परवानगीचा प्रश्न सुटला, फाइलचा राहिला. प्रकाशकाने मोठ्या मनाने जुन्या फॉन्टमधली फाइल दिली, तरी ती आधी बदलून घ्यावी लागते. 'स्थिती'तली पहिली वेलांटी उचलून स आणि थ दोघांच्या पलीकडे न्यायची. रफाराचं उलट: तो दिसतो शेवटी, उच्चारतो आधी. एक नियम चुकला की पानभर बोबडं मराठी.

आता तुमच्या फोनमध्ये युनिकोड आहे, मराठी बोलणारा आवाजही मिळतो. तरी नोकरभरतीच्या जाहिरातींचं काय होतं बघा. मजकूर युनिकोडमध्ये टाइप होतो, प्रिंट निघते, सही होते, गोल शिक्का बसतो आणि मग त्याच कागदाचं स्कॅन पीडीएफ म्हणून वेबसाइटवर चढतं. अक्षरांचं पुन्हा चित्र झालेलं असतं. ते ओसीआर लावून परत अक्षरांत आणावं लागतं, आणि अर्जाच्या शेवटच्या तारखेत ओसीआरने ३ चा ६ केला, तर नुसतं ऐकणाऱ्याला ते कळायला काही वाट नसते.