चौकाचे घर : कोरड्या उन्हाळ्यातील गारवा

उष्ण व कोरड्या प्रदेशात दिवसा आणि रात्रीच्या तापमानात मोठी तफावत असते. हवेत बाष्प कमी असल्याने दुपार भाजून काढते. मात्र निरभ्र आकाशाखाली रात्री जमीन झपाट्याने निवते. मधल्या चौकाभोवती बांधलेले घर नेमका या तफावतीचा लाभ घेते.

रात्री चौकाची फरशी, भिंती व धाबी आपली उष्णता आकाशाकडे उत्सर्जित करतात. त्यांच्या स्पर्शाने गार झालेली हवा जड होऊन चौकात उतरते आणि भोवतालच्या खोल्यांत शिरते. सकाळी भिंतींची सावली हा गारवा राखते. जाड भिंतींतून दुपारची उष्णता आत पोहोचेपर्यंत संध्याकाळ होते. म्हणूनच अशा घरांत खिडक्या दिवसा मिटलेल्या व रात्री उघड्या ठेवायच्या असतात.

इराणमधील याझ्द हे याचे उत्तम उदाहरण होय. २०१७ साली या शहराचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. तेथील जुन्या घरांत उन्हाळी दालने चौकाच्या दक्षिणेला, उत्तराभिमुख असतात. हिवाळी दालने समोरच्या बाजूस. ऋतूनुसार कुटुंबच घरातल्या घरात मुक्काम हलवीत असे. चौकातील हौद व छतावरचे 'बादगीर' म्हणजे वारा खाली आणणारे मनोरे गारव्यात भर घालतात. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शोषली जाते. दमट कोकणात हा उपाय फारसा चालत नाही, कारण तेथील हवेत आधीच बाष्प असते.

आपल्याकडे याझ्दची नक्कल पुरेशी नाही. याझ्द सुमारे ३२ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथे सूर्य कधीच थेट डोक्यावर येत नाही. महाराष्ट्रात मात्र मे महिन्यात मध्यान्हीचा सूर्य जवळपास माथ्यावर असतो. अशा वेळी केवळ उंच भिंती सावली देऊ शकत नाहीत. चौक अरुंद ठेवण्याबरोबरच भोवती खोल ओसरी, एखादे झाड किंवा कापडी छत हवे. वाड्यांतील सोपे व पडव्या हेच काम करीत.

आज धूळ आणि पावसाच्या भीतीने चौकावर काच वा प्लास्टिकचे पत्रे घातले जातात. ऊन आत येते, पण उष्णतेला बाहेर पडण्याची वाट उरत नाही. गारव्याचे साधन भट्टी बनते. आच्छादन हवेच असेल, तर ते सरकते असावे : दिवसा ओढलेले, रात्री उघडे.