अल्फा, बीटा, गॅमा आणि एका विद्यार्थ्याचं नाव

"पेपरमध्ये सरांचंही नाव टाक." पीएचडी करणाऱ्यांना हे वाक्य नवीन नाही. मीही ऐकलंय आणि गुपचूप नाव टाकलंय. त्या सरांनी पेपर वाचलासुद्धा नव्हता. हा विषय निघाला की मला राल्फ आल्फर आठवतो.

गोष्ट १९४८ची, अमेरिकेतली. आल्फर दिवसा नोकरी करायचा, संध्याकाळी जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठात शिकायचा. विश्वाच्या आरंभी हेलियमसारखी मूलद्रव्यं कशी तयार झाली, हा त्याच्या पीएचडीचा विषय. मार्गदर्शक जॉर्ज गॅमॉव, मोठे शास्त्रज्ञ आणि तितकेच मिश्कील.

पेपरवर नावं दोनच हवी होती, आल्फर आणि गॅमॉव. पण मध्ये बेथे आले तर अल्फा-बीटा-गॅमा जुळतं! म्हणून गॅमॉवनी आपले मित्र हान्स बेथे यांचं नाव मध्ये घातलं. बेथेंचा या कामाशी काडीचा संबंध नव्हता, पण त्यांनीही हरकत घेतली नाही. 'फिजिकल रिव्ह्यू'मध्ये पेपर आला, तारीख १ एप्रिल!

गंमत सगळ्यांना आवडली, आल्फरला नाही. दोन दिग्गजांच्या शेजारी विद्यार्थ्याचं नाव कोण बघतो?

त्याच वर्षी आल्फर आणि रॉबर्ट हर्मन यांनी भाकीत केलं, की त्या आरंभीच्या उष्णतेचा अवशेष आजही विश्वात असणार, निरपेक्ष शून्याच्या वर साधारण ५ अंश. पुढे पेन्झियास आणि विल्सन यांना ते प्रारण सापडलं, १९७८चं नोबेलही मिळालं. आल्फर-हर्मन बाजूलाच राहिले. आल्फरला अमेरिकेचं विज्ञान पदक दिलं गेलं २००७ साली. ते त्याच्या मुलाने स्वीकारलं आणि काही दिवसांतच आल्फर गेला.

आज नियम आहेत. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या चार अटी आहेत: कामात भरीव वाटा, लेखनात किंवा दुरुस्तीत सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता आणि उद्या प्रश्न आला तर जबाबदारी. चारही हव्यात. नंतर नाव घालायचं किंवा काढायचं तर सगळ्या लेखकांची लेखी संमती लागते.

चांगलं आहे. पण ज्याचा थिसिस सरांच्या टेबलावर पडलाय, तो विद्यार्थी संमतीपत्रावर सही करायला नाही कसा म्हणणार?

बेथेंनी "माझं नाव काढा" एवढंच कळवलं असतं तरी पुरे होतं. ते आल्फरच्या हातात नव्हतं, बेथेंच्या होतं. हे वाचणाऱ्यांत कुणी गाईड असतील, तर त्यांच्यासाठी ही पोस्ट.