मेळघाटातील तीरकामठा : घरगुती लाकूडकाम, जंगल आणि कायदा यांचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

वऱ्हाडच्या इतिहासलेखनात शस्त्रांचा विचार प्रामुख्याने किल्ल्यांच्या व लढायांच्या संदर्भात झालेला आहे. गाविलगड, नरनाळा, नरनाळ्यावरील नवगजी तोफ, २९ नोव्हेंबर १८०३ ची अडगावची लढाई आणि १५ डिसेंबर १८०३ रोजी वेलस्ली व स्टीव्हन्सन यांच्या फौजांनी घेतलेला गाविलगड हे या लेखनाचे ठरलेले विषय होत. मात्र याच किल्ल्यांच्या पायथ्याशी आणि सातपुड्याच्या घाटात जे शस्त्र घरोघरी तयार होत असे, त्याची नोंद इतिहासात क्वचितच घेतली गेली. हे शस्त्र म्हणजे तीरकामठा. ते कोणत्याही शस्त्रशाळेत घडले नाही. ज्याला ते वापरायचे, त्यानेच ते आपल्या हाताच्या मापाने आपल्या अंगणात घडवले. प्रस्तुत लेखात मेळघाटातील कोरकू व शेजारच्या समाजांच्या या कारागिरीचे स्वरूप आणि कायद्याने तिच्याकडे कसे पाहिले, याचा विचार केला आहे.

कामठा आणि दस्ता : दोन परंपरा

धनुष्याच्या जागतिक इतिहासात दोन परंपरा दिसतात. पहिलीत धनुष्य हातात उभे धरून दोरी बोटांनी ताणली जाते. दुसरीत धनुष्य एका लाकडी दस्त्यावर आडवे बसवलेले असते. ताणलेली दोरी खटक्यात अडकते व खटका दाबताच बाण सुटतो. हाच क्रॉसबो होय. चीनमधील छिन सम्राटाच्या समाधीजवळ मातीच्या सैनिकांसोबत क्रॉसबोचे कांस्य खटके सापडले आहेत. युरोपात या शस्त्राची दहशत एवढी होती की, ११३९ च्या दुसऱ्या लॅटरन धर्मपरिषदेने ख्रिस्ती लोकांविरुद्ध त्याचा वापर निषिद्ध ठरवला. भारतात निकोबार बेटांवर व ईशान्येकडील काही जमातींत लाकडी दस्त्याचे असे धनुष्य वापरात होते. मध्य भारतातील डोंगराळ प्रदेशात मात्र साधा कामठाच रूढ राहिला.

या भेदाचे मर्म कौशल्याच्या वाटणीत आहे. क्रॉसबोमध्ये ताण धरून ठेवण्याचे काम दस्ता व खटका करतात. त्यामुळे नेमबाजाचा सराव कमी लागतो, पण घडवणाऱ्याचे काम अवघड होते. बाणाची खोबण सरळ हवी, खटक्याची खाच दोरीच्या मधोमध हवी आणि दस्त्याचे लाकूड ऋतुमानाने न वाकणारे हवे. कामठ्यात याच्या उलट स्थिती असते. घडण साधी दिसते. पण ताण, नेम आणि सुटका हे सर्व माणसाच्या अंगात मुरावे लागते. ज्या समाजात मूल लहानपणापासून मोठ्यांबरोबर जंगलात जाते, तेथे हा सराव आपोआप होतो. लोखंडी वा कांस्य खटक्याची गरज नसलेले आणि जंगलातच दुरुस्त होणारे शस्त्र अशा समाजाला अधिक सोयीचे होते, असा निष्कर्ष काढणे वावगे ठरू नये.

लाकडाची पारख

मेळघाटचे जंगल शुष्क पानझडी असून त्यात सागाचे प्राबल्य आहे. साग टिकाऊ व कोरण्यास सुलभ असल्याने कोरकूंच्या मृतस्मृतीचे लाकडी खांब, म्हणजे मुंडा, सागाचेच कोरले जातात. त्यांवरील घोडेस्वार, सूर्य व चंद्र यांच्या आकृती या समाजाच्या काष्ठकलेची साक्ष देतात. तथापि कोरण्यास उत्तम असलेले लाकूड वाकण्यास उत्तम असतेच असे नाही. कुऱ्हाडीच्या दांड्याला धावडा, गाडीच्या व शेतीच्या अवजारांना तिवस, आणि लवचीकपणा हवा तेथे धामण किंवा बांबू, अशी निवड पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून पक्की झालेली होती.

बांबूच्या कामठ्यामागील शास्त्र लक्षात घेण्याजोगे आहे. बांबूचे तंतू बाहेरच्या सालीकडे दाट व आतल्या बाजूस विरळ असतात. कामठा वाकवला की त्याची बाहेरची बाजू ताणली जाते व आतली दाबली जाते. म्हणून साल अखंड राखून ती बाणाच्या दिशेला ठेवायची आणि तासणी फक्त आतून करायची, हा मूलभूत नियम ठरतो. कोवळा बांबू वाळताना आकसतो व वाकडा होतो, म्हणून पक्का बांबू निवडावा लागतो. थंडीत तोडलेल्या बांबूत पिष्टांश कमी असल्याने त्याला भुंगा कमी लागतो. तासताना दोन्ही टोके सारखी वाकतात की नाही हे वारंवार पाहावे लागते. एक बाजू ताठ राहिली तर बाण भरकटतो आणि दुसरी बाजू लवकर मोडते. वाकडी काडी विस्तवावर शेकून सरळ करता येते. दोरीसाठीही बांबूच्या सालीची पट्टी वापरण्याची रीत मध्य भारतात, विशेषतः भिल्लांमध्ये, नोंदलेली आहे. थोडक्यात, एका कोयत्याने व विस्तवाच्या साहाय्याने पूर्ण होणारी ही कारागिरी होती. तिला वाढयाच्या रंध्याची किंवा पटाशीचीही गरज नव्हती.

कायद्याच्या तीन नजरा

१८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. कायद्याच्या भाषेत तो ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग नव्हता; त्यामुळे येथे कायदे स्वतंत्र आदेशांनी लागू होत. १९०२ च्या करारानंतर १९०३ मध्ये तो प्रशासकीयदृष्ट्या मध्य प्रांताला जोडला गेला.

ब्रिटिश हिंदुस्थानच्या १८७८ च्या शस्त्र कायद्यात ‘शस्त्रे’ या शब्दाच्या व्याख्येत बंदुका, तलवारी व भाल्यांबरोबर धनुष्यबाणाचाही स्पष्ट उल्लेख होता आणि शस्त्रे तयार करणे व विकणे यासाठी परवान्याची अट होती. सूट देण्याचा अधिकार सरकारकडे राखून ठेवलेला असला, तरी अंगणात तासलेली बांबूची काडी तत्त्वतः तोफेच्या पंक्तीत जाऊन बसली. स्वातंत्र्यानंतरच्या १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या व्याख्येत धनुष्यबाणाचे नाव राहिले नाही. शिवाय केवळ घरगुती वा शेतीच्या वापरासाठी केलेल्या वस्तू त्या व्याख्येतून वगळण्यात आल्या. परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येत धनुष्यबाण पुन्हा नावानिशी आला, आणि अभयारण्यात परवानगीवाचून शस्त्रासह प्रवेश निषिद्ध झाला. मेळघाट व्याघ्र प्रकल्प, १९८५ चे अभयारण्य, १९८७ चे गुगामल राष्ट्रीय उद्यान आणि पुढे अकोला जिल्ह्यातील नरनाळा अभयारण्य यांमुळे या तरतुदीचा प्रत्यक्ष संबंध येथील गावांशी आला.

वन्यजीवांचे रक्षण अत्यावश्यक आहे, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. वाघाच्या जंगलात शिकारीला मुभा देता येणार नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यानेही हीच मर्यादा पाळली आहे. त्याने बांबूला गौण वनोपज मानून त्यावरील हक्क मान्य केला. मात्र पारंपरिक हक्कांतून शिकार व सापळे वगळले. म्हणजे कामठ्याची सामग्री हक्काची झाली, पण त्याचा जुना उपयोग कायमचा संपला. उपयोग संपला की कौशल्यही संपते, हा कारागिरीच्या इतिहासाचा अनुभव आहे. प्रश्न शिकार परत आणण्याचा नसून, शिकारीवाचून हे ज्ञान कसे टिकेल हा आहे.

नव्या उपयोगाच्या शक्यता

या प्रश्नाची उत्तरे वऱ्हाडातच अंशतः सापडतात. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने देशी व्यायाम व खेळांना आधुनिक संस्थेचे रूप दिले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली. १९७२ मध्ये तिरंदाजी ऑलिंपिकमध्ये परतली, १९७३ मध्ये भारतीय तिरंदाजी संघटना स्थापन झाली आणि बांबूच्या धनुष्याचा ‘इंडियन राउंड’ हा देशातील स्पर्धांचा स्वतंत्र प्रकार झाला. २०२५ मध्ये अमरावतीच्या मधुरा धामणगावकर हिने शांघाय येथील विश्वचषक स्पर्धेत कंपाउंड प्रकारात वैयक्तिक सुवर्णपदक मिळवले. तिच्या हातातील धनुष्य कारखान्यात बनलेले असले, तरी जिल्ह्यात तिरंदाजीला मान आहे हे यातून दिसते. दुसरीकडे धारणी तालुक्यातील लवादा येथील संपूर्ण बांबू केंद्राने मेळघाटातील बांबूकामाला बाजारपेठ मिळू शकते हे दाखवून दिले आहे. खेळ आणि बांबूकाम हे दोन प्रवाह एकत्र आल्यास कामठ्याला अहिंसक उपयोग मिळू शकेल.

निष्कर्ष

तीरकामठ्याचा इतिहास हा केवळ एका शस्त्राचा इतिहास नाही. लाकडाची पारख, शरीराचा सराव आणि जंगलाशी असलेले नाते या तिन्हींचा तो संयुक्त दस्तऐवज आहे. १८७८, १९५९ आणि १९७२ या तीन कायद्यांनी एकाच वस्तूला तीन निरनिराळ्या नजरांनी पाहिले. परंतु ती घडवणाऱ्या हाताची नोंद त्यांपैकी कोणालाच करावयाची नव्हती. ती नोंद इतिहासाच्या अभ्यासकांनी करावयाची आहे. कोणते लाकूड, कोणत्या महिन्यात तोडलेले, कोणत्या मापाचे व कोणत्या नावाने ओळखले जाणारे, हे सांगणारी पिढी हयात असेपर्यंतच हे काम होऊ शकते. अमरावती व अकोला जिल्ह्यांतील महाविद्यालयांचे इतिहास, वनस्पतिशास्त्र व शारीरिक शिक्षण हे विभाग एकत्र आले, तर कोरकू भाषेतील संज्ञांसह असे संकलन सहज शक्य आहे. संग्रहालयात टांगलेला कामठा वस्तू म्हणून उरेल. तो घडवण्याची रीत नोंदली गेली, तरच ते ज्ञान म्हणून उरेल.