स्वमग्नता : संवेदनप्रक्रिया व आत्मनियमन

स्वमग्नता (ऑटिझम) ही मेंदूच्या विकासातील भिन्नता असून तीत सामाजिक संज्ञापन, वर्तन आणि संवेदनांचे ग्रहण यांत वेगळेपण आढळते. आवाज, प्रकाश, स्पर्श व वास यांना काही मुले तीव्र प्रतिसाद देतात, तर काहींचा प्रतिसाद मंद असतो. कान झाकणे, हात फडफडविणे, डोलणे हे पुष्कळदा त्रासदायक संवेदन टाळण्याचे किंवा स्वतःला सावरण्याचे प्रयत्न असतात. तथापि असे वर्तन दीर्घकाळ हट्ट वा वेड समजले गेले.

बॉल्टिमोर येथील लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांचे वर्णन केले. त्यांपैकी काहींना मोठ्या आवाजांची व हलत्या वस्तूंची भीती वाटे, अशी त्यांची नोंद आहे. पुढील काळात मात्र मातेच्या थंडपणास दोष देणारे मत बळावले. बर्नार्ड रिमलंड यांनी १९६४ मध्ये ते खोडून मज्जाजैविक कारणांकडे लक्ष वेधले. व्यवसायोपचारतज्ज्ञ ए. जीन एअर्स यांनी अध्ययनातील अडचणींच्या संदर्भात १९७२ च्या ग्रंथात मांडलेली संवेदन-एकात्मीकरणाची उपपत्ती स्वमग्न मुलांच्या उपचारांतही वापरली जाऊ लागली. अमेरिकेतील मनोविकारांच्या निदानपुस्तिकेत २०१३ मध्ये संवेदनांना अधिक वा उणा प्रतिसाद हा एक निकष ठरला.

महाराष्ट्रात या उपचारशाखेचा पाया त्यापूर्वीच घातला गेला होता. मूळच्या अमेरिकन असलेल्या कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे विद्यालय सुरू केले. कायद्याची मान्यता मात्र उशिरा आली. अपंगांविषयीच्या १९९५ च्या अधिनियमात स्वमग्नतेचा समावेश नव्हता. तो राष्ट्रीय न्यास अधिनियम (१९९९) व दिव्यांगजन हक्क अधिनियम (२०१६) यांत झाला.

संवेदन-एकात्मीकरण उपचाराच्या परिणामांविषयी मतभेद आहेत. ब्रिटनमधील २०२२ च्या एका चाचणीत नेहमीच्या सेवेपेक्षा त्याचा अधिक लाभ स्पष्टपणे दिसला नाही. परिसर अनुकूल करणे हा मार्ग मात्र घरी व शाळेतही अवलंबता येतो. पुणे–सोलापूर महामार्गावरील वरवंडसारख्या गावात वाहनांचे भोंगे किंवा वरातीतील ढोल अशा मुलास असह्य होऊ शकतात. पूर्वसूचना, शांत कोपरा व ठरलेला दिनक्रम यांमुळे ताण हलका होऊ शकतो. किशोरवयात शारीरिक बदल व शाळेच्या वाढत्या अपेक्षा यांची भर पडते. अशा वेळी शिक्षेने वर्तन दडपले, तरी त्यामागील क्लेश कायम राहतो. म्हणून आधी त्याचे कारण शोधणे आवश्यक ठरते.