चॉकलेट : शब्द आणि टंचाई

मराठीत ‘चॉकलेट’ या शब्दाची व्याप्ती कोकोपेक्षा मोठी आहे. संत्र्याची गोळी असो वा टॉफी, वाढदिवसाला शाळेत वाटले जाते ते चॉकलेटच. या अर्थविस्तारामागे टंचाईचा इतिहास आहे, असे आम्हांस वाटते.

अंधेरीला लागून असलेल्या विलेपार्ल्यात १९२९ साली चौहान कुटुंबाने कारखाना काढला आणि गावाचेच नाव त्याला दिले. तिथे आरंभी गोळ्या तयार होत; बिस्किटे नंतर आली. साखर बाजारात मिळे, कोको मात्र परदेशातूनच येई. केरळात कॅडबरीच्या पुढाकाराने कोकोची लागवड सुरू झाली ती १९६५ च्या सुमारास. तोवर उपनगरातल्या सामान्य घराला परवडे ती गोळीच; नाव तेवढे महागड्या वस्तूचे.

आता टंचाई उगमापाशीच आहे. जगातला निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांत पिकतो. अतिवृष्टी, विषाणुरोग, जुनी झाडे आणि शेतकऱ्याच्या हाती पडणारा तुटपुंजा भाव यांमुळे तिथले पीक घटले. डिसेंबर २०२४ मध्ये टनाचा दर १२,००० डॉलरांवर गेला. २०२५ मध्ये तो उतरला, पण रोगाने गेलेल्या बागा वर्षभरात उभ्या राहत नाहीत.

अशा वेळी दुकान रिकामे होत नाही. वडी लहान होते, कोकोच्या लोण्याऐवजी पामतेल येते आणि आमच्या तोंडचा शब्द तोच राहतो. पार्ल्याचा तो कारखाना २०१६ साली बंद झाला. गोळीलाच चॉकलेट म्हणण्याची सवय टिकून आहे. म्हणूनच कोकोची उणीव आम्हांस उशिरा जाणवेल. घानातल्या शेतकऱ्याला ती केव्हाच जाणवली आहे.