मायना आणि मजकूर

पेशवेकालीन पत्रांत 'अखंडितलक्ष्मी अलंकृत राजमान्य राजश्री' असा भरघोस मायना आढळतो. आज तो निव्वळ शब्दफुलोरा वाटतो. परंतु कोणास कोणता मायना लिहावा हे ज्याच्या त्याच्या दर्जावरून ठरत असे आणि त्यातली चूक मानभंग ठरे. ठरावीक शब्दांनाही तेव्हा अर्थ होता. पुढे 'राजमान्य राजश्री' सरसकट सर्वांनाच लागू लागले आणि झिजून 'रा. रा.' एवढेच उरले.

इंग्रजी अमलात अर्जाच्या शेवटी 'आपला आज्ञाधारक सेवक' रूढ झाले. आताचा अर्जदार 'डायनॅमिक', 'टीम प्लेअर', 'रिझल्ट ओरिएंटेड' असतो. आधी समोरच्याचा गौरव, मग स्वतःचे लहानपण आणि आता स्वतःचाच गौरव, असा हा प्रवास आहे. विशेषणे मात्र तिन्ही वेळा उसनी.

तरीही एक फरक उरतो. जुन्या पत्रात 'विनंती विशेष' आले की मायना संपून मजकूर सुरू होई. आजच्या अर्जात मायना संपतच नाही. तीन वर्षे पहाटे घरोघर वर्तमानपत्रे टाकून बी.ए. झालेला विद्यार्थी संकोचाने तेवढेच गाळतो आणि त्या जागी 'टाइम मॅनेजमेंट' लिहितो. त्याच्याजवळ मजकूर असतो, पण तो लिहिण्याजोगा आहे हे त्याला कोणी सांगितलेले नसते. आपण वर्गात पत्रलेखन शिकवतो तेव्हा गुण बहुधा मायन्यालाच देतो, हेही येथे कबूल केले पाहिजे.