पणजीचं नाव काय होतं? घरच्या वंशावळीची गोष्ट

आज सुरुवातीलाच एक छोटीशी परीक्षा. तुमच्या चारही पणज्यांची नावं सांगा बरं. हो, चार. वडिलांच्या बाजूच्या दोन आणि आईच्या बाजूच्या दोन.

मी ही परीक्षा दिली आणि साफ नापास झालो. खरं तर आमच्या घरात सात पिढ्यांची वंशावळ आहे. पण तिच्यात माझ्या आजीचंसुद्धा नाव नाही. आजोबांच्या नावाखाली थेट वडील आणि काका. दोन्ही आत्या गायब!

असं का झालं असेल? त्यासाठी वंशावळ मुळात कशाला लिहायचे ते बघायला हवं. आपल्याकडे ती बहुतेक वेळा हौसेनं नाही, हक्कासाठी लिहिली गेली. पाटीलकी, कुळकर्ण, देशमुखी अशा वतनांचा तंटा उभा राहिला की मूळपुरुषापासून आपलं नातं दाखवावं लागे. पुढे इंग्रजी अमलात १८५२ च्या कायद्यानं इनाम कमिशन आलं आणि इनामदारांना पुन्हा जुने कागद बाहेर काढावे लागले. वतन बापाकडून मुलाकडे जायचं, म्हणून कागदावर बाप आणि मुलगा. ज्यांच्याकडे वतनच नव्हतं, त्यांच्या घरी असा कागद सापडणं अवघड.

राजघराण्यांची गोष्ट वेगळी. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास चक्क मराठीत कोरलेला आहे. दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळात, १८०३ साली. राजाला दगड मिळाला. आपल्या पणजीला कागदाचा कोपराही मिळाला नाही.

मग आपण काय करायचं? वंशावळ उलटी करायची. म्हणजे मूळपुरुषापासून खाली यायचं नाही, स्वतःपासून वर जायचं. कागदाच्या तळाशी एक चौकट, त्यात तुमचं नाव. वर दोन चौकटी, आई-वडील. त्यांच्यावर चार, मग आठ. झाल्या पंधरा चौकटी, चार पिढ्या. या पद्धतीची गंमत अशी, की प्रत्येकाच्या वर दोन चौकटी येतातच. पणजीची जागा रिकामी राहिली तर ती डोळ्यांत खुपते. जुन्या वंशावळीत ती जागाच नव्हती, त्यामुळे काही राहिलंय हे कळतही नव्हतं.

प्रत्येक चौकटीत नाव, गाव, जन्म आणि मृत्यू. बाईच्या चौकटीत माहेरचं नाव आणि माहेरचं गाव आधी लिहा. अनेक घरांत लग्नात पहिलं नावही बदलायचे. एकाच बाईची दोन नावं सापडली तर दोन बायका समजू नका.

पुरुषांच्या नावांतही घोटाळा होतो. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची पद्धत. मग एकच जोडी पिढ्यान्‌पिढ्या आलटून पालटून येते आणि लिहिताना मधल्या दोन पिढ्या अलगद गळून पडतात. म्हणून नावाशेजारी अंदाजे साल हवंच.

आता साल कुठून आणायचं? शाळेचा दाखला बघा, पण जपून. जन्मतारीख १ जून असेल तर ती बहुधा गुरुजींनी दिलेली! त्यापेक्षा घटना विचारा. 'पानशेत फुटलं तेव्हा तू केवढी होतीस?' म्हणजे १९६१. 'कोयनेचा भूकंप झाला तेव्हा लग्न झालं होतं का?' १९६७. 'बहात्तरच्या दुष्काळात थोरला चालत होता का?' माणसं तारखा विसरतात, पण असले प्रसंग विसरत नाहीत.

कागदही आहेत. सातबारा, फेरफार, वारसनोंद. फेरफारात कधीकधी मुलींची नावं मिळतात, हक्क सोडून दिल्याची नोंद म्हणून का होईना. तहसील कचेरीत गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी, ज्यांना कोतवाल बुक म्हणतात. त्यातलं बरंच मोडीत आहे. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली, आठवतंय ना? त्र्यंबकेश्वरला क्षेत्रोपाध्यांच्या वह्यांत तुमच्या घरातलं कोण कधी येऊन गेलं ते मिळू शकतं. आणि कोल्हापूर-सांगलीकडे घराण्याची वंशावळ सांगत फिरणारे हेळवी आजही काही गावांत येतात.

पण कागद नंतर. आधी माणूस. मी थोरल्या आत्याला फोन केला. तिनं पणजीचं सासरचं नाव लगेच सांगितलं. माहेरचं काही आठवेना. चार दिवसांनी तिचाच फोन आला. 'अरे, आठवलं. तिचा भाऊ तिला ज्या नावानं हाक मारायचा ना, तेच.' ते नाव मी पेन्सिलनं लिहिलंय. दुसरा पुरावा मिळाला की शाईनं लिहीन. खात्री नसेल तिथे तुम्हीही पेन्सिलच वापरा.

माझ्या अजून दोन चौकटी रिकाम्या आहेत. आईकडच्या. सांगणारी एकच मामेआजी उरलीये, येत्या रविवारी तिच्याकडे जातोय. तुमच्या घरातलं सगळ्यांत वयस्कर माणूस कोण? हा भाग संपला की आधी त्यांना फोन लावा. आणि बोलणं रेकॉर्ड करणार असाल तर विचारून करा.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत, नमस्कार!